दुकानमालकाचं उत्तर: ते काम दहा मिनिटांचं नव्हतं, सर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. रविवारी सकाळी तुमचा नॅस (घरातले फोटो-फाइली एका जागी ठेवणारं मशीन) सुरू झाला नाही आणि तीन वेळा फोन करूनही मी उचलला नाही, याबद्दल मनापासून माफी मागतो. रविवारी दुकान बंद असतं, मी दिंडोरीकडे गावी गेलो होतो, तिथे रेंज नव्हती. तरी चुकलंच. चार दिवसांपूर्वी घरी नेलेलं मशीन बंद पडतं आणि बसवून देणारा फोन घेत नाही म्हटल्यावर कोणालाही राग येईल.

पण पुढे तुम्ही लिहिलंय, "फुकटचं सॉफ्टवेअर, पेनड्राइव्ह लावला, दहा मिनिटं नेक्स्ट-नेक्स्ट केलं आणि अडीच हजार घेतले. लुटतात." सर, हे मला फार लागलं. नाशिकमध्ये चौदा वर्षं दुकान आहे. मी आणि एक मुलगा, एवढेच आहोत. हल्ली नवीन गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवायच्या आधी रिव्ह्यू वाचतं. म्हणून जे झालं ते सगळं लिहितो, थोडं लांबेल.

ट्रूनॅस, म्हणजे नॅस चालवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे हे अगदी खरं. ते मीच तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, बिलातही ट्रूनॅसच्या पुढे शून्य लिहिलंय. २००५ साली हे फ्रीनॅस म्हणून सुरू झालं, तेव्हापासून फुकटच आहे. त्याचा एक रुपया मी कोणाकडून घेत नाही. अडीच हजार घेतले ते मजुरीचे.

आता ती दहा मिनिटं. तुम्ही मशीन शनिवारी सकाळी आणून दिलंत, ऑफिसातून निघालेला जुना ब्रँडेड डेस्कटॉप. मंगळवारी दुपारी तुम्ही आलात, कारण "इन्स्टॉल माझ्यासमोर करा, मला बघायचंय" असं तुम्हीच म्हणाला होतात. मला ते आवडलं होतं, फार कमी लोक विचारतात. तुमच्यासमोर जे झालं ते खरंच दहा-बारा मिनिटांत झालं. पण शनिवार ते मंगळवार मशीन टेबलावर नुसतं पडून नव्हतं.

शनिवारी रात्रभर रॅमची टेस्ट लावली होती. ट्रूनॅसला कमीत कमी ८ जीबी रॅम लागते, तुमच्यात तेवढीच होती, आणि ती सात-आठ वर्षं ऑफिसात चाललेली. हे सॉफ्टवेअर फाइल डिस्कवर लिहिण्याआधी रॅममध्ये घेतं. तिथेच बिघाड असेल तर बिघडलेलीच फाइल जपून ठेवली जाईल. रविवारी दोन्ही डिस्कची लांब टेस्ट सुरू राहिली. २ टीबीच्या एका डिस्कला साडेचार-पाच तास लागतात. नवीन डिस्क चांगली निघाली, जुनीही पास झाली.

आणि सोमवारी मी तुम्हाला फोन केला, तो आठवतो का? मशीनमधली जुनी २ टीबी आणि नवीन २ टीबी यांची जोडी करायची होती, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत राहील. जोडी करताना जुनी पुसली जाते. मशीन देताना तुम्ही म्हणाला होतात, "त्यात काही नाही, फॉरमॅट मारा." मी गिऱ्हाइकाची डिस्क न उघडता कधीच फॉरमॅट मारत नाही. उघडली. फोल्डरचं नाव इथे लिहीत नाही, ते तुमचं घरचं आहे. फोनवर मी ते नाव घेतलं तेव्हा तुम्ही थोडा वेळ काही बोललाच नाहीत, मग म्हणालात, "अरे, ते आहे त्यात?"

ते ६४० जीबी मी माझ्या दुकानाच्या डिस्कवर उतरवून घेतलं. बारीक-बारीक फोटो, हजारोंनी, त्यामुळे सात तासांच्या वर गेले. मंगळवारी रात्री जोडी तयार झाल्यावर ते सगळं पुन्हा त्यात टाकलं, फाइलींची संख्या मोजून पाहिली आणि बुधवारी मशीन तुमच्या हातात दिलं. ह्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. लावायचे मनातही आलं नाही.

तुम्ही आलात तेव्हा सुद्धा, सर, नीट आठवून पाहा. पुढच्या यूएसबीला पेनड्राइव्ह लावला तर मशीन त्याला ओळखेना. मग मागच्या पोर्टला लावून एफ १२ दाबून बूट मेनू (मशीन कशावरून सुरू करायचं ती यादी) आणला. त्याआधी मी दोन्ही मोठ्या डिस्कच्या केबली काढून ठेवल्या होत्या, तुम्ही विचारलंतही, "ह्या का काढल्या?" त्याचं कारण पुढच्या स्क्रीनवर होतं. इन्स्टॉलर यादी दाखवतो आणि विचारतो, कुठल्या डिस्कवर टाकू? स्पेसबार दाबला की नावापुढे खूण येते, एंटर दाबला की ती अख्खी डिस्क साफ. नावं सगळी एकसारखी, एसडीए, एसडीबी अशी. एक ओळ वरखाली झाली की संपलं. केबली काढल्यामुळे तुमच्या यादीत एकच नाव होतं, नवीन छोटी एसएसडी, सिस्टीमसाठी घेतलेली वेगळी डिस्क. त्यामुळेच ते नेक्स्ट-नेक्स्टसारखं दिसलं.

त्या एसएसडीबद्दलही तुम्ही लिहिलंय, की पेनड्राइव्हवर चाललं असतं, विनाकारण १,३५० ची विकली. फ्रीनॅसच्या दिवसांत आम्हीही पेनड्राइव्हवरच टाकायचो. पण सिस्टीम त्यावर सतत काहीतरी लिहीत राहते आणि पेनड्राइव्ह वर्षा-दोन वर्षांत मरतात. माझ्याच हातचे तीन मेलेत. आता बनवणारेही पेनड्राइव्हवर टाकू नका म्हणतात. आणि ज्या डिस्कवर सिस्टीम बसते ती पूर्ण तिचीच होते, तिथे फोटो ठेवता येत नाहीत, म्हणून मोठ्या डिस्कवर टाकण्याचा प्रश्नच नव्हता. मिळते त्यातली सगळ्यात लहान दिली होती.

आता रविवारचं. सोमवारी दुपारी मी तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही कामावर होतात, वहिनींनी दार उघडलं. स्क्रीनवर सिक्युअर बूटचा (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारं सेटिंग) मेसेज होता आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, तारीख होती १ जानेवारी २०१४. तेव्हाच कळलं. मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२. तो संपला होता. शनिवारी रात्री तुमच्याकडे बराच वेळ लाइट गेली, सेलमध्ये दम नव्हता, बायोस मूळ सेटिंगवर गेलं. मी बंद केलेलं सिक्युअर बूट परत चालू झालं, आणि ते चालू असेल तर ट्रूनॅस उठत नाही. नवीन सेल टाकला, सेटिंग परत केलं, पाच मिनिटांत स्क्रीनवर आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता) आला. वहिनींना मोबाइलवर फोटो उघडून दाखवले, त्यांनी चहाही दिला. एकही फाइल गेली नव्हती, डिस्कना धक्काच लागला नव्हता.

तो सेल मी आधीच बदलायला हवा होता. ५० रुपयांची वस्तू. चार दिवस मशीन दुकानात विजेच्या बोर्डाला लावूनच होतं, त्यामुळे सेल गेलाय हे दिसलं नाही, पण जुनं मशीन म्हटल्यावर न विचारता बदलायला हवा होता. ही चूक पूर्ण माझी आणि त्यासाठी पुन्हा माफी मागतो. यूपीएस घ्या असं मी बुधवारी म्हणालो होतो, तुम्ही "बघू नंतर" म्हणालात. ते आता काढत नाही, पण घ्याच.

यापुढे जुन्या मशीनचा सेल आधी बदलणार. रविवारच्या फोनचंही काहीतरी बघतो, मुलाकडे दुसरा नंबर द्यायचा विचार आहे. आणि झालेलं काम बिलावर लिहून देत जाईन, म्हणजे गिऱ्हाइकाला कळेल पैसे कशाचे.

अडीच हजार जास्त वाटत असतील तर दुकानात या, परत देतो, वाद घालणार नाही. फक्त "लुटतात" हा शब्द तेवढा काढता आला तर बघा, अशी विनंती आहे. स्टार एकच राहू द्या, हरकत नाही.

आणखी एक. तुमच्या त्या ६४० जीबीची कॉपी अजून माझ्या डिस्कवर आहे. घरच्या मशीनवर सगळं नीट दिसतंय, एकेक फोल्डर उघडून पाहिलंय, असा तुमचा फोन आला की तुमच्यासमोरच पुसतो. तोपर्यंत ती डिस्क कपाटात तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवली आहे.