तुळया जहाजाच्या नव्हेत, रानातल्या ओकच्या

इंग्लंड फिरून आलेल्यांच्या फोटोंखाली एक वाक्य हमखास असतं: "गावातल्या या जुन्या सराईच्या तुळया मोडीत काढलेल्या जहाजांच्या आहेत. म्हणून तर त्या वाकड्या, काळ्या आणि खाचा पडलेल्या!" तिथले लोकही हे छातीठोकपणे सांगतात. मला हे खटकतं, कारण गावच्या सुतारांचं श्रेय त्यात परस्पर जहाजाला जातं.

सॉमरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिप गावातलं 'द जॉर्ज इन' घ्या. तळमजला दगडी, वरचे लाकडी मजले एकावर एक पुढे आलेले. जवळच्या हिंटनच्या मठाची ही मालमत्ता. लोकरीच्या जत्रेला येणारे व्यापारी इथे उतरत. समुद्र दूर. एवढं जड लाकूड गाडीवाटेने इतक्या आत आणायचा खर्च कोण करील?

आता खाचा. रिकामी खाच दिसली की लोकांना जहाज आठवतं. बहुतेक वेळा तिथे पूर्वी भिंत किंवा तिरका टेकू होता, तो पुढे काढला गेला. कधी तुळई जुन्या घरातून आलेली असते. पाडलेल्या घराचं चांगलं लाकूड कोणी फेकत नसे. खाचेपेक्षा सांध्याजवळ बघा. सुतार सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचे, जुळणाऱ्या दोन्ही तुकड्यांवर पटाशीने सारखीच खूण करायचे (चारसाठी चार उभ्या रेघा), मग सुटा करून जागेवर उभा करायचे. खांबावर आणि त्यात बसलेल्या तुळईवर तीच खूण सापडली, तर ती दोन्ही लाकडं एकमेकांसाठीच घडवलेली आहेत.

वाकडेपणाही साधा आहे. ओक ओला असतानाच कापत, कारण वाळल्यावर तो लोखंडासारखा कडक होतो. मग तो घरातच वाळतो, आकसतो, पिळवटतो. जहाजात वर्षानुवर्षं वाळलेल्या ओकमध्ये नवे सांधे पाडणं म्हणजे पटाशीची परीक्षाच. काळा रंग तर बऱ्याच ठिकाणी 19व्या शतकातल्या हौसेचा.

जहाजाचं लाकूड इमारतीत कधीच गेलं नाही, असं मात्र नाही. हॅम्पशायरमधल्या विकम गावची गिरणी 1820 मध्ये 'चेसापीक' या अमेरिकी युद्धनौकेच्या लाकडातून बांधली. ही नौका ब्रिटिशांनी 1813 मध्ये पकडली होती. तिथे जहाजाचं नाव, ते आलं कसं, सगळं सांगता येतं. गिरणीचं नावच मुळी चेसापीक मिल.