भरतीरेषेवरची वाळू: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

माझ्या कोकणावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की, भरतीचं पाणी जिथवर पोचत नाही ती वाळू म्हणजे नुसता ओसाड पट्टा. ती ट्रॅक्टरने साफ केली तर बिघडलं काय? शिवाय सांगलीत राहून समुद्राची एवढी काळजी कशाला?

प्लास्टिक, बाटल्या, तुटकी जाळी उचललीच पाहिजेत, यात दुमत नाही. पण ट्रॅक्टरचं दाताळं प्लास्टिकबरोबर शेवाळही ओढून नेतं. भरतीने वर टाकलेला शेवाळाचा ओला थर एकदा हाताने उचलून बघा. खालून तांदळाच्या दाण्याएवढे जीव टणाटण उड्या मारत पळतात. ते शेवाळ खातात आणि हिवाळ्यात येणारे चिखले पक्षी त्यांना टिपतात. थर गेला की दोघांचंही जेवण गेलं. त्याच्याही वर मर्यादवेल पसरते. वाऱ्याने उडणारी वाळू तिच्यापाशी अडते, साठते. वादळात लाटांचा पहिला मार तीच वाळू सोसते.

आणि कासवं! ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री येते, भरतीरेषेच्या वर साधारण दीड फुटाचा खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू थोपटते आणि समुद्रात परतते. पुढचे ४५ ते ६० दिवस अंडी उबवते ती वाळूच. पिल्लू नर होणार की मादी, हेही तिच्या उबेवर ठरतं: गरम वाळूत माद्या जास्त, थंड वाळूत नर. कोकणातल्या वेळास गावी गावकरी आणि कार्यकर्ते घरटी हुडकून अंडी कुंपणात सुरक्षित ठेवतात, पण सगळीच घरटी सापडतात असं नाही. न सापडलेल्या घरट्यावरून गाडी गेली तर वाळू दबते, पिल्लांना वर येणं अवघड होतं. वर आलेलं पिल्लू चाकोरीत अडकलं, तर पाण्यापर्यंत पोचायच्या आत कावळे, कुत्रे किंवा खेकडे त्याला गाठतात. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत संवेदनशील गटात ठेवल्यात, त्या उगाच नाही.

आता सांगलीचं. सुट्टीत किनाऱ्यावर वाळूत घातलेल्या गाड्यांमध्ये एमएच १० च्या, म्हणजे सांगलीच्या पाट्या मी स्वतः पाहिल्यात. म्हणून आपल्याच माणसांसाठी लिहितो. कृष्णेच्या वाळूवरही लिहा, ही तुमची सूचना रास्त आहे. नदी सुरय हा पक्षी उघड्या वाळूवरच अंडी घालतो, त्यावर लवकरच लिहीन. तोवर कोकणात गेलात तर गाडी रस्त्यालाच लावा आणि प्लास्टिक वेचायला एक पोतं सोबत घ्या. शेवाळ मात्र तिथंच राहू द्या.