कोरस म्हणजे झीलकरी नव्हेत

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही जरा लांबणार. तुमचा राग दोन गोष्टींवर आहे: ग्रीक शोकांतिकेवरच्या लेखात मी हमार्शिया (नायकाची घातक चूक) आणि कॅथार्सिस (करुणा-भीतीतून होणारं भावनांचं विरेचन) या ॲरिस्टॉटलच्या कल्पना दोन ओळींत उरकल्या, आणि 'प्रवेशांमध्ये गाणी म्हणणाऱ्या झीलकऱ्यांवर', म्हणजे कोरस या एकत्र गाणाऱ्या-बोलणाऱ्या समूहावर, अर्धा लेख घालवला.

पहिल्याचं थोडक्यात सांगतो. सोफोक्लीस आणि युरिपिडीस हे शोकांतिकाकार इ.स.पू. 406 च्या आसपास गेले, ॲरिस्टॉटल जन्मला 384 मध्ये. त्याचं विवेचन मोलाचं आहेच, पण ती नाटकं काही ते वाचून लिहिलेली नाहीत.

दुसऱ्यावर मात्र भांडणार. अथेन्समध्ये डायोनिसिया उत्सवात शोकांतिका करायची तर कवी आर्कन या नगराधिकाऱ्याकडे कोरसच मागायचा. तो मिळाला तरच नाटक. तालमी, पोशाख यांचा खर्च नेमून दिलेल्या श्रीमंत नागरिकाच्या, म्हणजे कोरेगॉसच्या माथी. एस्किलसच्या 'पर्शियन्स'साठी (इ.स.पू. 472) हा खर्च पुढे अथेन्सचा नेता झालेल्या तरुण पेरिक्लीसने केला. झीलकऱ्यांचं असं कौतुक आपल्याकडे तरी कुणी केलेलं नाही, बिचारे!

एस्किलसचंच 'ॲगमेम्नॉन' बघा. महालातून राजाची किंकाळी येते. बाहेर कोरसमधले म्हातारे एकेक करून दोन-दोन ओळी बोलतात: लोकांना बोलवावं, आत घुसावं, छे, आधी खात्री तर करू. त्यांचं एकमत होईपर्यंत राजाचा मुडदा पडलेला असतो. शहाणीसुरती माणसं ऐनवेळी कशी थिजतात, हे एकट्या नटाला दाखवता येणार नाही. हे नाटक ज्या नाट्यत्रयीतलं पहिलं, तिच्याच शेवटी, 'युमेनिडीस'मध्ये, कोरस म्हणजे खुद्द सूडदेवता आणि आईला मारणाऱ्या राजपुत्रावरच्या खटल्यात त्याच फिर्यादी. त्यांना काढलंत तर खटलाच उभा राहत नाही.

कोरसकडे नुसती गाणी उरली, हेही झालं, पण पुढे. कुठल्याही नाटकात घुसडता येतील अशी सुटी गाणी अगॅथॉन या नाटककाराने सुरू केली, ही तक्रार तुमच्याच ॲरिस्टॉटलची! कोरसला नटांपैकी एक माना, सोफोक्लीससारखं त्याला कथानकात गुंतवा, असं 'पोएटिक्स'मध्ये तो स्वच्छ सांगतो.

युरिपिडीसच्या 'मेडिया'त नायिका मेडिया स्वतःच्या मुलांना मारते; तिथल्या कोरसमधल्या बायका तो खून का थांबवत नाहीत, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण गप्प राहायचं वचन त्या देतात तेव्हा गोष्ट नवऱ्यावर सूड उगवण्याची असते. मुलांना मारायचा बेत त्यांना नंतर कळतो. त्या तिला विनवतात, आतून मुलांचा आकांत ऐकू आल्यावर 'जाऊ का आत?' असंही म्हणतात, आणि जात नाहीत. इथे युरिपिडीस कमी पडला असं तुम्ही म्हणता. मला तर त्याने हे पुरतं जाणूनबुजून केलंय असंच वाटतं.