"संहिता कशाला, कायदा आहे की!" म्हणणाऱ्यांसाठी

भाची पुरातत्त्वात एम.ए. करतेय. तिच्या वर्गाच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज तिने मला पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, पटतंय ना?" अजिबात नाही.

मेसेज थोडक्यात असा: पुरातत्त्वज्ञांच्या संघटनांना आचारसंहिता कशाला? कायदा आहेच. संहिता ज्येष्ठांनी नवख्यांना दाबायला केलेली असते. तज्ज्ञाने जुन्या वस्तूची किंमत ठरवून दिली तर उलट ती जपली जाते. आणि संहिता मोडली तरी विचारतो कोण?

किमतीचा मुद्दा सगळ्यांत घातक, म्हणून आधी तोच. एखादं मडकं थरात जागच्या जागी सापडलं, तर शेजारच्या कोळशावरून काळ ठरवता येतो, आत चिकटलेल्या अंशावरून त्यात काय शिजायचं ते कळू शकतं. चोरट्याने ते रातोरात उपसून घासूनपुसून लख्ख केलं की हे सगळं गेलं. मग कुणी डॉक्टरसाहेब 'अस्सल, दोन हजार वर्षं जुनं' असं लिहून देतात. ती चिठ्ठी लिलावाच्या कॅटलॉगात जाते, भाव चढतो, पुढचा खड्डा खणला जातो. याला जपणं म्हणायचं? 'सोसायटी फॉर अमेरिकन आर्किऑलॉजी' या पुरातत्त्वज्ञांच्या संघटनेने १९९६ साली आचरणाची आठ तत्त्वं स्वीकारली. त्यांतलं तिसरं नेमकं यावरच आहे: वस्तूंचा बाजारभाव वाढेल असं काही करू नका, विशेषतः त्या सार्वजनिक संस्थेत, अभ्यासाला खुल्या नसतील तर.

कायदा आहेच? कधी कधी तो संहितेच्या मागून येतो. मानवी अवशेषांबद्दलचा व्हर्मिलियन करार पाहा. मृतांचा मान राखा, वंशजांची इच्छा विचारात घ्या, हे वर्ल्ड आर्किऑलॉजिकल काँग्रेस या पुरातत्त्वज्ञांच्या जागतिक संघटनेने त्यात १९८९ साली मान्य केलं. अवशेष मूळ जमातींना परत करण्याविषयीचा अमेरिकेचा 'नागप्रा' कायदा त्यानंतरचा, १९९०चा. शिवाय रीतसर परवाना काढून खणलं आणि अहवाल वर्षानुवर्षं कपाटात ठेवला, तर नुसत्या परवान्याने काय साधलं? खणलेली जागा पुन्हा खणता येत नाही.

नवख्यांना दाबण्याचं म्हणाल, तर आठ तत्त्वं स्वीकारणाऱ्या त्याच अमेरिकन सोसायटीने २०१६ मध्ये नववं तत्त्व जोडलं ते शिकण्याच्या आणि कामाच्या जागा सुरक्षित ठेवण्याबद्दल. त्याचा आधार कुणाला, हे सांगायला नको.

राहिला शेवटचा मुद्दा. त्यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. नुसती तत्त्वं छापली की कुणाचं काही अडत नाही. पण 'रजिस्टर ऑफ प्रोफेशनल आर्किऑलॉजिस्ट्स' या १९९८ पासूनच्या, पुरातत्त्वज्ञांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे तक्रार करता येते, चौकशी होते, नोंदणी रद्दही होऊ शकते. तेव्हा नवी संहिता लिहिणाऱ्यांनी तक्रार कुणाकडे करायची आणि आरोप पदाधिकाऱ्यावरच असेल तर चौकशी कोण करणार, ही कलमं आधी लिहावीत.