फ्रीआयपीएची सर्टिफिकेटं आणि ‘सगळी घड्याळं वर्षभर मागे घ्या’ हा भलता सल्ला

‘फ्रीआयपीएची सर्टिफिकेटं एक्स्पायर झाली? पाच मिनिटांत सोडवा’ असा एक पाच कलमी मेसेज सध्या ॲडमिन मंडळींच्या ग्रुपवर फिरतोय. (फ्रीआयपीए म्हणजे लिनक्सवरची खाती, लॉगिन आणि सर्टिफिकेटं एका जागी सांभाळणारी सर्व्हर-प्रणाली.) आमच्या टीममधल्या नव्या ॲडमिनने तोच पुढे पाठवून ‘हे चालवून बघू का?’ असं विचारलं, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेजचा सारांश असा: स्टेटस ‘सीए अनरीचेबल’ (सीए, म्हणजे सर्टिफिकेटं देणारी सेवा, सापडत नाही) दिसलं की फायरवॉल बंद करा, सगळ्या सर्व्हरची घड्याळं वर्षभर मागे घ्या, सर्टमाँगरमधलं (सर्टिफिकेटांच्या मुदतीवर नजर ठेवून ती रिन्यू करणारा प्रोग्राम) ट्रॅकिंग काढून टाका आणि नव्याने लावा, आयपीए-सर्ट-फिक्स (संपलेली सर्टिफिकेटं दुरुस्त करणारी कमांड) सगळ्या सर्व्हरवर एकदम चालवा, आणि तरीही जमलं नाही तर जुनी सर्टिफिकेटं उडवा, नाहीतर सर्व्हरच पुन्हा इन्स्टॉल करा.

घड्याळाचं आधी बघू, कारण सगळ्यात जास्त नासाडी तिथे होते. त्यात अर्धं सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावं लागतं. डॉगटॅगची (फ्रीआयपीएच्या आतला सीए चालवणारं सॉफ्टवेअर) सिस्टिम सर्टिफिकेटं साधारण दोन वर्षांची असतात आणि इन्स्टॉल करताना एकाच वेळी निघतात, त्यामुळे मरतातही एकत्रच. सबसिस्टिम सर्टिफिकेट (डॉगटॅग डिरेक्टरीला ओळख पटवतो ते) संपलं की डॉगटॅगला डिरेक्टरीशी, म्हणजे आयपीएच्या माहितीच्या साठ्याशी, जोडता येत नाही. मग सीए उठत नाही, आणि सीए उठल्याशिवाय नवं सर्टिफिकेट मिळत नाही. या चक्रातून सुटण्यासाठी घड्याळ मागे घेणं हा जुना आणि चालणारा उपाय आहे. पण तो एकाच सर्व्हरवर, म्हणजे रिन्युअल मास्टरवर (सामायिक सर्टिफिकेटं रिन्यू करण्याची जबाबदारी असलेल्या सर्व्हरवर) करायचा असतो, आणि तारीख हिशेबाने निवडायची असते. मास्टर कोण हे ‘आयपीए कॉन्फिग-शो’ सांगतं.

‘सगळे सर्व्हर, एक वर्ष’ केलं तर काय होतं? कर्बेरॉस (लॉगिनची ओळख पटवणारी यंत्रणा) साधारण पाच मिनिटांपलीकडचा वेळेचा फरक खपवून घेत नाही, त्यामुळे सगळे क्लायंट एकदम बाहेर. ३८९ डिरेक्टरी सर्व्हर, म्हणजे वर आलेली डिरेक्टरी चालवणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक बदलावर वेळेवर आधारलेला क्रमांक मारतो. दोन सर्व्हरमधली तफावत एका दिवसापलीकडे गेली की रेप्लिकेशन (सर्व्हरांनी एकमेकांचे बदल उतरवून घेणं) नाकारलं जातं. सगळी घड्याळं एका सेकंदात फिरवणारा कोणी अजून भेटलेला नाही, त्यामुळे तफावत पडणारच. शिवाय सर्टमाँगर मुदतीच्या २८ दिवस आधी हालचाल सुरू करतो. वर्षभर मागे गेलात तर त्याच्या दृष्टीने अजून अकरा महिने शिल्लक आहेत, तो ढिम्म बसून राहील. हाताने रीसबमिट केलंत तर सर्टिफिकेट मिळेल, पण गेल्या वर्षीच्या तारखेचं. म्हणजे दोनातलं एक वर्ष हातात पडायच्या आधीच खर्ची.

बरोबर तारखेला दोन कड्या असतात: जे सर्टिफिकेट सगळ्यात आधी संपलं त्याच्या मुदतीच्या आत, आणि जे सगळ्यात नंतर निघालं त्याच्या सुरुवातीनंतर. कधी कधी अशी तारीखच नसते. समजा, सबसिस्टिम २ मार्चला संपलं आणि घाईघाईत कोणीतरी एलडॅपसाठी, म्हणजे डिरेक्टरी सर्व्हरसाठी, बाहेरच्या सीएकडून १० मार्चला निघालेलं सर्टिफिकेट बसवलं. घड्याळ १ मार्चला नेलंत तर एलडॅपचं अजून लागूच झालेलं नाही, ११ मार्चला ठेवलंत तर सबसिस्टिम मेलेलं. इथे घड्याळाचा काही उपयोग नाही. अशी खिडकी, म्हणजे चालणारी तारीख, असेलच तर क्रोनी (घड्याळ जुळवत राहणारा प्रोग्राम) आधी थांबवा (नाहीतर तो वेळ परत पुढे ढकलतो), तारीख बदला, आयपीए सुरू करा, सर्टमाँगर रीस्टार्ट करा, ‘गेटसर्ट लिस्ट’ या सर्टमाँगरच्या यादीत सगळी ‘मॉनिटरिंग’ दिसेपर्यंत थांबा आणि मगच खऱ्या वेळेवर या.

आता आयपीए-सर्ट-फिक्स. २०१९च्या फ्रीआयपीए ४.८ पासून ही अडचण सोडवायला हेच साधन आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याने त्याचं मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) उघडूनही पाहिलेलं नाही. तिथे स्पष्ट लिहिलंय की मुदत संपलेल्या सर्टिफिकेटांमुळे सिस्टिमच अडली असेल तेव्हाच हे वापरा, आणि आधी सर्टिफिकेटं व की यांचा बॅकअप घ्या. अनेक सीए सर्व्हर असतील तर आधी रेप्लिकेशन नीट चालू आहे याची खात्री करायची, मग एकाच सर्व्हरवर चालवायचं. त्यात सामायिक सर्टिफिकेटं रिन्यू झाली की तोच सर्व्हर रिन्युअल मास्टर होतो आणि नवी सर्टिफिकेटं एलडॅपमध्ये ठेवतो. दुसऱ्या सर्व्हरवर ती गेटसर्ट रीसबमिटने आधी ओढून घ्यायची. त्यानंतरही तिथलं स्वतःचं काही संपलेलं राहिलं तरच तिथे सर्ट-फिक्स. एकदम सगळीकडे चालवलंत तर प्रत्येक जण आपलं वेगळं आरए (आयपीए सीएकडे विनंती पाठवताना दाखवतं ते) आणि सबसिस्टिम सर्टिफिकेट काढून बसेल, आणि मास्टर कोण यावरूनही ओढाताण होईल. बाहेरच्या सीएने सही केलेली सर्टिफिकेटं हे साधन रिन्यू करू शकत नाही, आणि आयपीएच्या सीएचं स्वतःचं सर्टिफिकेट आयपीए-सीएसर्ट-मॅनेजने करायचं, हेही त्याच पानावर आहे.

ट्रॅकिंग काढून ‘स्वच्छ सुरुवात’ करण्याचा सल्ला दिसायला निरुपद्रवी आहे, पण फटका उशिरा बसतो. सर्टमाँगरच्या नोंदीत नुसता फाइलचा पत्ता नसतो. पिन, प्रोफाइल आणि सेव्ह करण्याआधी-नंतर चालणाऱ्या स्क्रिप्टही असतात. हाताने लावलेल्या नोंदीत त्या हमखास सुटतात. मग आरए सर्टिफिकेट रिन्यू होतं, स्टेटस ‘मॉनिटरिंग’ दिसतं, पण डिरेक्टरीतल्या ‘आयपीएआरए’ नोंदीत जुनंच सर्टिफिकेट राहतं आणि पुढच्या प्रत्येक विनंतीला डॉगटॅग ओळख नाकारतो. तपासायला त्या नोंदीचं डिस्क्रिप्शन बघा: २, मग अनुक्रमांक, मग सही करणारा, मग सब्जेक्ट, मधे अर्धविराम. हा अनुक्रमांक आरए-एजंट फाइलमधल्याशी जुळला पाहिजे. मात्र ओपनएसएसएल ही कमांड तो हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) दाखवते आणि डिस्क्रिप्शनमध्ये तो दशमानात असतो. १एफ आणि ३१ हे एकच. हे न कळल्यामुळे चांगली नोंद ‘दुरुस्त’ करून बिघडवणारे बरेच असतात. ‘पीकेआयडीबीयूजर’ या नोंदीचंही तसंच: ती सबसिस्टिम सर्टिफिकेटशी जुळली नाही तर सीएच्या डीबग लॉगमध्ये ऑथेंटिकेशन फेल, ४९ दिसतं.

‘सीए अनरीचेबल’ म्हणजे फायरवॉल, हे तर हास्यास्पदच. गेटसर्ट लिस्टमध्ये त्याच नोंदीखाली सीए-एरर नावाची ओळ असते, ती वाचा. बहुतेक वेळा सीए त्याच मशीनवर बंद पडलेला असतो. आणि ‘आयपीए-गेटसर्ट’ नाही, ‘गेटसर्ट’ चालवा. पहिल्यात डॉगटॅगची सर्टिफिकेटं दिसतच नाहीत, आणि ‘सगळं ठीक आहे’ असा गैरसमज होतो.

राहिलं शेवटचं कलम. मेसेजात सर्टयूटिलची (सर्टिफिकेटांचा साठा हाताळणारं साधन) मोठ्या एफची कमांड दिली आहे. मोठा डी फक्त सर्टिफिकेट काढतो. मोठा एफ प्रायव्हेट कीसुद्धा काढतो. सीए साइनिंगच्या (सीएच्या स्वतःच्या, सही करण्याच्या सर्टिफिकेटाच्या) नावावर ती चालवलीत आणि बॅकअप नसेल, तर तो सीए त्या मशीनवरून कायमचा गेला. पुन्हा इन्स्टॉल करायचंच असेल तर आधी ‘आयपीए सर्व्हर-रोल-फाइंड’ने बघा की सीएची भूमिका आणखी कुठल्या सर्व्हरवर आहे का. ती भूमिका एकाच सर्व्हरवर ‘एनेबल्ड’ दिसली तर त्या मशीनला हात लावू नका.