दुसरं इम्प्लांट वाया जातं का?

कर्णबधिर मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: एका कॉक्लिअर इम्प्लांटने (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं, श्रवणाच्या नसेला थेट विजेचे संकेत देणारं यंत्र) मूल बोलू लागतं, तेवढं पुरे. दुसऱ्याने नुसता आवाज मोठा होतो. मशीनने दिशा कळतच नाही. दुसरा कान पुढच्या उपचारांसाठी राखून ठेवा. माझ्या मुलीला दोन्ही कानांत इम्प्लांट आहे, आणि निर्णय घ्यायच्या नेमक्या वयात हा मजकूर पालकांच्या हातात पडतो याचा मला राग येतो.

एका इम्प्लांटने बोलणं येतं, हे अगदी खरं. पण ‘पुरे’ कुठे? शांत खोलीत. वर्गात पंखा फिरतोय, बाकं सरकताहेत, आणि बाई नेमक्या मशीन नसलेल्या बाजूने बोलताहेत. डोकं मध्ये आडवं येतं आणि स, श यांसारखे बारीक, म्हणजे उंच पट्टीचे, आवाज त्यात सर्वांत जास्त अडतात. दोन इम्प्लांट असली की गोंगाटापासून लांबचा एक कान नेहमी मदतीला असतो.

आवाज मोठा होण्याचं म्हणाल, तर तो किंचितच वाढतो आणि मॅपिंगमध्ये, म्हणजे मुलाला सोसेल तसं मशीन जुळवण्याच्या भेटीत, जुळवता येतो. खरा मुद्दा दिशेचा आहे.

दिशा ओळखताना मेंदू दोन कानांची तुलना करतो. बाजूने आलेला आवाज लांबच्या कानात जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि बारीक आवाज तिथे २० डेसिबलपर्यंत क्षीण होऊ शकतो. इम्प्लांटमध्ये यातली वेळेची खूण बहुतांशी हरवते. बहुतेक प्रोसेसर (बाहेर लावायचा, आवाज टिपणारा भाग) ठरावीक गतीने, अनेकदा सेकंदाला ९०० च्या आसपास, विजेचे ठोके पाठवतात, आणि दोन्ही बाजूंचे ठोके एकमेकांशी जुळलेले नसतात. इथवर तो मजकूर बरोबर आहे. पण आवाजाच्या जोरातला फरक मेंदूपर्यंत पोचतो आणि मुलं त्यावरच दिशा ताडतात. समोर अर्धवर्तुळात स्पीकर मांडून चाचणी घेतली, तर नैसर्गिक ऐकणारा माणूस काही अंशांनी चुकतो, दोन इम्प्लांटवाला साधारण २० ते ३० अंशांनी. एकच इम्प्लांट असेल, तर उत्तर जवळपास अंदाजपंचे असतं. शेजारी बसलेल्या दोघांपैकी कोणी हाक मारली हे माझ्या मुलीला कळत नाही. समोरून की मागून, यातही ती गोंधळते. पण हॉर्न डावीकडून आला की उजवीकडून, हे तिला कळतं, आणि रस्ता ओलांडताना मला तेच हवं असतं.

दोन्ही प्रोसेसर आवाज आपोआप कमीजास्त करतात, तेही आपापले. त्याने हा जोरातला फरक पुसट होतो. म्हणून मॅपिंगच्या वेळी दोन्ही बाजू एकत्र चालू ठेवून तोल तपासून घ्या.

‘राखून ठेवा’ हा सल्ला सर्वांत घातक. जन्मतः बहिऱ्या मुलाचा मेंदू न ऐकणाऱ्या कानाची जागा मोकळी ठेवत नाही. टोरांटोच्या कॅरन गॉर्डन आणि ब्लेक पॅप्सिन यांच्या संशोधक गटाला आढळलं, की दोन इम्प्लांटमध्ये दीड वर्षाहून जास्त अंतर पडलं तर मेंदू पहिल्या कानाकडे झुकतो. ओटोफर्लिन जनुकातल्या दोषावर जनुकोपचाराने काही मुलांना ऐकू येऊ लागलं, ही आनंदाची बातमी खरी. पण तो बहिरेपणाच्या एकाच कारणावरचा उपाय आहे. जनुकीय तपासणीत तो दोष निघाला, तरच डॉक्टरांशी तो विषय काढा.

राहिला पैसा. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेत कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ मध्येच मुलांना दोन्ही कानांत एकाच वेळी इम्प्लांट द्यावं अशी शिफारस केली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या एडिप योजनेत एकाच कानाचं मिळतं, आणि दुसऱ्याचे लाखो रुपये सगळ्यांना कुठून जमणार? ज्यांना जमत नाही त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. दुसऱ्या कानाला थोडं जरी ऐकू येत असेल, तर त्यातलं हिअरिंग एड काढून टाकू नका. ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) ते इम्प्लांटशी जुळवून घ्या आणि रोज लावा.