रात्रीचा टिप्पर पाहिजे

आमच्या कोपऱ्यावरचा कोंडाळा उचलला त्याला बराच काळ लोटला. कोल्हापूर शहर कोंडाळामुक्त करायचं म्हणून कचऱ्याचा लोखंडी कंटेनर गेला, खालची जागा धुतली, पोरींनी रांगोळी काढली, फोटो निघाले. मी काही त्याच्या विरोधात नव्हते. कंटेनर काय चीज होती ते ज्यांच्या खिडकीखाली तो होता त्यांनाच ठाऊक. पण तो रोज रात्री भरायचा कशामुळं, हे मात्र कुणी विचारलं नाही. आता कचरा कोपऱ्यावर नसतो, विजेच्या खांबाला टांगलेला असतो. खरंच टांगलेला. खांबाला जुन्या डिजिटलच्या, म्हणजे शुभेच्छांच्या फलकांच्या, तारा गुंडाळलेल्या असतात, त्यात पिशवीचे बंद अडकवायचे, म्हणजे कुत्र्याचं तोंड पोचत नाही. डोकं चालतंय बघा आपलं, नाही असं नाही.

गल्लीचं नाव लिहीत नाही. पेठेतली आहे, खाली दुकानं वर घरं. ओळखणारे ओळखतील, बाकीच्यांना स्वतःचीच वाटेल.

टिप्पर, म्हणजे कचऱ्याची गाडी, येतो सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला, गाणं वाजवत. तो येत नाही अशी माझी तक्रार अजिबात नाही. येतो. गाडीवरचा पोरगा ओल्या-सुक्याचं विचारतो सुद्धा. प्रश्न आहे त्या वेळेला दारात कोण असतं हा. रिटायर झालेले अण्णा-आबा असतात, डबे भरून मोकळ्या झालेल्या वहिनी असतात, त्यांचा कचरा बरोबर गाडीत जातो. शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला पहिल्या शिफ्टला जाणारा माणूस त्याच्या आधीच बाहेर पडलेला असतो. खोली घेऊन राहणारी कॉलेजची पोरं झोपलेली असतात. आणि दुकानं? दुकानांची शटरं खाली असतात. दहा वाजता ती वर होतात, रात्री साडेनऊला खाली येतात. म्हणजे आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त कचरा करणाऱ्याची आणि कचरा नेणाऱ्याची कधी गाठच पडत नाही. एक येतो तेव्हा दुसरा अंथरुणात, दुसरा झाडतो तेव्हा पहिल्याची गाडी कधीच धुऊन लागलेली.

खालच्या किराणावाल्याला मी एकदा विचारलं, सरळच. तो म्हणाला, ‘वहिनी, तुमच्या वर माळा तरी हाय. मी आठ बाय दहाच्या दुकानात गिऱ्हाईक उभं करू का कुजका कांदा ठेवू? का घरी न्हेऊन उशाला घेऊ?’ उत्तर उद्धट होतं, पण खोटं नव्हतं. हा माणूस सकाळी दुकानापुढं पाणी मारतो, उंबऱ्याला हळद-कुंकू लावतो, उदबत्ती ओवाळतो. घाणेरडा म्हणावा असा नाही. रात्री शटर ओढताना मात्र त्याच्या हातात एक काळी पिशवी असते आणि ती ठेवायला जगात कुठंच जागा नसते.

कुठल्या दुकानाचा कचरा काय असतो, हे वर राहणाऱ्याला पाठ होतं. कापडवाल्याची पारदर्शक कव्हरं आणि टाचण्या. मोबाईलवाल्याच्या डबीत डबी. चहाच्या गाड्याचे कागदी कप, तळाला घोटभर चहा राहिलेले, म्हणजे सुका म्हणून टाकायची सोय नाही. शहाळ्यांचा ढीग, उन्हाळ्यात गुडघ्याएवढा. पुठ्ठा मात्र कधीच पडून राहत नाही. रात्री साडेनऊ-दहाला दोन मावशी येतात, खोकी पायानं दाबून सपाट करतात, सुतळीनं बांधतात आणि डोक्यावर घेऊन निघून जातात. त्यांना कुणी वेळापत्रक लिहून दिलेलं नाही. कचरा कधी तयार होतो हे त्यांना पोटामुळं कळलंय, म्हणून त्या त्याच वेळेला येतात. 2016 च्या घनकचऱ्याच्या नियमांत अशा कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असं स्पष्ट लिहिलं होतं. सामावून घेणं राहू दे, निदान त्यांची वेळ तरी उसनी घ्यावी.

आता मटणाचं बोलते, कारण कोल्हापुरात ते टाळून कचऱ्यावर बोलणं म्हणजे ढोंग आहे. सोमवारी सकाळी आमच्या गल्लीला जो वास असतो तो रविवारच्या तांबड्या-पांढऱ्याचा उरलेला भाग आहे. हाडं, कातडं, लिंबाच्या फोडी, खोबऱ्याचा चोथा, सगळं एका पिशवीत गाठ मारून. रविवारी रात्री टांगलेली पिशवी सोमवारी पहाटे तळातून ठिबकायला लागते. चिकनच्या दुकानातल्या पिसांचं आणि आतड्यांचं आणखी वेगळं. 2019 साली मटणाचा दर वाढला तेव्हा आपण काय केलं आठवतंय ना? बावड्यापासून पेठांपर्यंत बैठका झाल्या, मटणाची दुकानं बंद राहिली, समिती बसली, दरावर चर्चा झाली. देशभर बातमी गेली, लोक हसले, आपल्याला काही फरक पडला नाही. मला त्याचा आजही अभिमान वाटतो. पण किलोमागं किती रुपये द्यायचे यावर एवढं एक होणारं गाव, त्याच किलोतली हाडं कुठं टाकायची यावर एक तासही बसलेलं मी पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट गटारीची, ही मी रोज खिडकीतून बघते. सकाळी दुकानातला पोरगा झाडायला घेतो. आतून बाहेर, पायरीवरून फुटपाथवर, फुटपाथवरून कडेला. शेजारच्या दुकानाची हद्द आली की केरसुणी थांबते, अगदी आखल्यासारखी. मग तो गटारीवरच्या दोन फरश्यांमधली फट शोधतो आणि सगळा लोट त्या फटीत सारतो. पाऊच, चहाचे कप, बिलांचे रोल, धूळ. वरून तांब्याभर पाणी. पुढचा भाग स्वच्छ. मे महिन्यात गटारीतला गाळ काढून कडेला ढीग लावला जातो, उचलायची गाडी मागाहून येणार असते, आणि मधेच एक वळीव येऊन तो ढीग आहे तसा परत आत नेतो. तिथनं ओढा-नाला, तिथनं पंचगंगा. दर पावसाळ्यात आपण राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो, 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, मोबाईलवर तासातासाला मेसेज. नदीला पूर येतो तो धरणांनी आणि पावसानं, कपांनी येत नाही, हे मलाही कळतं. पण नदी पात्रात असताना सुद्धा एका सरीत आमच्या गल्लीत जे घोट्याएवढं पाणी साठतं, ते त्या फटीतनं गेलेल्या कपांचंच आहे.

प्लास्टिकचं लांबण लावत नाही. राज्यात बंदी 2018 पासून आहे, पहिला दंड 5000, दुसरा 10000, तिसऱ्याला 25000 आणि वर तुरुंग. तरी भाजीवाल्या मावशीच्या पोत्याखाली पिशव्यांचा गठ्ठा असतोच, कारण आपण हात हलवत बाजारात जातो. दंड तिलाच बसतो, पिशव्या बनवणारा लांब असतो. पुढं.

कचऱ्याचा विषय निघाला की आपल्याकडं एक ठरलेलं वाक्य येतं, ‘बाहेरची माणसं घाण करतात.’ महाद्वार रोडला, भवानी मंडपाकडं हे काही अंशी खरं असेल. अंबाबाईला सुट्टीत आणि नवरात्रात गर्दी किती होते ते सांगायला नको, ओटीची नारळं, फुलं, पाण्याच्या बाटल्या पडणारच. पण आमच्या गल्लीत कोण भाविक येतोय? इथला खांब इथल्याच लोकांनी सजवलाय. दुसरं वाक्य फेरीवाल्यांबद्दलचं. फेरीवाल्यांचा कायदा 2014 मध्ये आला, त्यांना जागा ठरवून द्यायची म्हटली. पिठाच्या गिरणीपुढचा फुटपाथ मात्र फेरीवाल्यानं अडवलेला नाही, तो दुकानदारांच्या स्टँडी, हेल्मेटचे रॅक आणि आपल्याच लावलेल्या मोपेडींनी भरलाय. संध्याकाळी काठी घेऊन निघणाऱ्या आबांना रस्त्याच्या मधून चालावं लागतं, मागून रिक्षा हॉर्न मारते.

आणि डिजिटल. ज्या खांबावर कचरा टांगतात त्याच खांबावर कुणाचा तरी वाढदिवस असतो. वाढदिवस होऊन गेलेला असतो, माणूस एक वर्षानं मोठा होऊन कामाला लागलेला असतो, पण गॉगल घालून तो अजून आमच्या खिडकीत उभाच. विद्रूपीकरणाचा कायदा 1995 पासून आहे, मी काही शोध लावत नाही. माझी मागणी छोटी आहे. लावणाऱ्यानं काढताना तारेसकट काढावा. तार राहिली की तिथं पिशवी लटकते, हे आता आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगंही सांगेल.

दुकानांच्या पाट्यांवर जरा जास्त लिहिणार आहे, कारण त्यावर कुणी लिहीत नाही. 2022 साली कायद्यात दुरुस्ती झाली, पाटी मराठीत पाहिजे, अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. चांगलं झालं. आमच्याकडं बऱ्याच जणांनी बदलल्या. पण नीट बघितलं तर त्या पाट्या दुकानदाराच्या नाहीतच, कंपनीच्या आहेत. साबणाची, रंगाची, सिमकार्डाची कंपनी फुकट बोर्ड करून देते, त्यात दोन तृतीयांश जागा तिचं नाव आणि खाली बारीक अक्षरात दुकानाचं. त्यामुळं सलग पाच दुकानं एकाच निळ्या रंगाची. त्या पत्र्यामागं काय झाकलंय माहीत आहे का? आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्याला सागवानी सज्जा आहे, कोरलेल्या लाकडी तीरांवर उभा. रस्त्यावरनं आज त्याचा एकच तीर दिसतो, तोही त्यावर ऑप्टिकलची केबल गुंडाळलेली आहे म्हणून. एक म्हातारे घड्याळजी होते कोपऱ्यावर, त्यांची पाटी हातानं रंगवलेली, पिवळ्यावर काळी, ‘र’चा पाय लांब ओढलेला. त्यांच्या पोरानं दुकान चालवायला दिलं आणि पाटी भंगारात गेली. फुकट मिळतंय म्हणून घेणाऱ्या दुकानदाराला मी दोष देत नाही, ऑनलाइननं त्याचं कंबरडं मोडलंय. पण पेठेला तोंडवळा होता तो अशानंच गेला.

तर मुद्द्यावर येते. आमच्या आणि असल्या सगळ्या दुकानांच्या गल्ल्यांत टिप्पर रात्री साडेनऊ ते अकराच्या मधे फिरवा. जादा गाडी मागत नाही. या गल्ल्यांतली एक सकाळची फेरी रात्रीवर न्या, दुसरी सकाळी राहू दे. झाडलोटही तशीच. आज कामगार सकाळी सहाला झाडतात आणि दहाला दुकानांची शटरं उघडली की तोच रस्ता परत पहिल्यासारखा, म्हणजे त्या माणसाची मेहनत चार तास सुद्धा टिकत नाही. इंदूरचं नाव काढलं की आपल्याकडं लोक चिडतात, 2017 पासून पहिला नंबर ऐकून कान किटलेत, मला मान्य. पण तिथं बाजारपेठा रात्री झाडतात, ही एक गोष्ट घ्यायला लाज कसली?

यावर मला जी उत्तरं मिळाली त्यातलं एकच खरोखर विचार करण्यासारखं आहे. रात्रपाळीला सफाई कामगार, त्यातून बायका, कशा येणार? बरोबर आहे. म्हणून रात्रीच्या गाडीवर फक्त उचलायचं काम असावं, पाळी आळीपाळीनं असावी, भत्ता मिळावा, हातमोजे आणि उजेड असावा. यातलं काहीच देता येत नसेल तर माझी मागणी मीच मागं घेईन, माझ्या खिडकीच्या सोयीसाठी कुणाच्या बायकोला रात्री अकराला रस्त्यावर उभी करायची नाही. बाकीची उत्तरं म्हणजे ‘बघू’, ‘वर कळवतो’ आणि ‘तुम्ही ॲपवर टाका’.

दुकानदारांनी काय करायचं? दोन डबे, ओल्याचा झाकणाचा. टाकायच्या पिशव्या बंद. चिकन-मटणवाल्यांनी त्यांचा कचरा वेगळा, थेट गाडीतच. गटारीच्या फटीत केरसुणी घालायची नाही. महिन्याला थोडे पैसे द्यायलाही तयार आहोत असं दोघा-तिघांनी मला आपणहून सांगितलं, त्यातला एक तोच उशाला कांदा घेणारा.

आणि तालमीतल्या पोरांनो, तुम्हाला वेगळं. फुटबॉलची मॅच असली की तासाभरात गल्ली झेंड्यांनी भरता, 2019 च्या महापुरात गुळाच्या काहिली आणि ट्यूब बांधून माणसं काढलीत, ते आम्ही विसरलेलो नाही. मंडळाच्या महाप्रसादाचं आधी बघा. 100 पेक्षा जास्त माणसं जमवायची तर तीन दिवस आधी कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा, हे त्या 2016 च्या नियमांतच होतं. पत्रावळ्यांची पोती रात्रभर चौकात ठेवण्यापेक्षा त्या दिवशी गाडी बोलवून घ्या. तुम्ही फोन केला तर येते, आम्ही केला तर ‘बघू’.

अर्ज तयार आहे, एकच पान. पिठाच्या गिरणीत ठेवलाय, गिरण रात्री साडेआठपर्यंत उघडी असते. दुकानदारांच्या सह्या वेगळ्या कागदावर घ्यायच्यात, वर राहणाऱ्यांच्या वेगळ्या. सोमवारी सकाळी आम्ही चौघीजणी वॉर्ड ऑफिसला जाणार आहोत, सुट्टी टाकून, त्याआधी रविवारी रात्रीपर्यंत सह्या पाहिजेत. येताना पेन आणा, गिरणीतलं पिठानं बंद पडलंय.